गाभण म्हणून विकलेली गाठ

अकलूजच्या घोडेबाजारातल्या लाखांच्या बोली आणि हलगीवर नाचणाऱ्या घोड्या तुम्ही पाहिल्याच असतील. टेंभुर्णीच्या चौकातून तिकडे वळणाऱ्या टेम्पोंमागची गोष्ट मात्र डॉक्टरची पेटी उचलणाऱ्या आमच्यासारख्यांनाच ठाऊक. बाजारात गिऱ्हाईक अंगावरचे भोवरे तपासतं, देवमणासारखी शुभ खूण शोधतं, दात बघून वय काढतं. घोडीचं अंडाशय कुणी विचारत नाही. माजाचा विषय निघालाच, तर विकणारा कानाशी लागून सांगतो, “पावनं, फळलीया ती. डोळं झाकून न्या.”

डोळे झाकूनच नेतात! घोडी माजावर येत नाही, म्हणजे गाभण, हा साधा हिशेब. त्यात बाजार भरतो दिवाळीच्या सुमारास. दिवस लहान झाले की बऱ्याच घोड्यांचा माज आपोआप थंडावतो, त्यामुळे खोटं पकडायला सोयच नाही. घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे. तेवढे महिने हरभरा, गूळ, पेंड असा डोहाळजेवणाचा थाट चालतो. बारावा लागला की डॉक्टरला बोलावणं येतं. डॉक्टर कोपरापलीकडे हात घालतात आणि सांगतात, शिंगरू नाही, गाठ आहे.

या गाठीचं शास्त्रीय नाव ग्रॅन्युलोसा थिका सेल ट्यूमर. घोडीच्या अंडाशयात सर्वाधिक आढळणारी गाठ हीच. बहुधा एकाच बाजूला होते आणि सहसा शरीरात पसरत नाही. एरवी हंगामात सहा-आठ सेंटिमीटरचं असणारं अंडाशय वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतही फुगतं. सोनोग्राफीत बहुतेक वेळा मधाच्या पोळ्यासारखं दिसतं. खरी लबाडी पुढे आहे. गाठीतून इनहिबिन नावाचं संप्रेरक पाझरतं आणि दुसरं, धडधाकट अंडाशय आक्रसून गप्प बसतं. म्हणून मुरलेला डॉक्टर मोठ्या बाजूवर खूश होत नाही, तो आधी लहान बाजू चाचपतो.

काही घोड्या कायम माजावर असल्यासारख्या वागतात, काही माज विसरतात. काहींच्या गाठीतून मात्र नराचं संप्रेरक वाहू लागतं, मग मजा येते. वरातीतली एक गरीब घोडी अशीच बिघडली होती. समोरून दुसरी वरात आली. हिने मान ताठ केली, वरचा ओठ मुडपून हुंगलं, वळू घोड्यासारखी किंचाळली आणि पुढच्या घोडीवर चढायला निघाली. नवरदेव पाठीवरच! मालकाने आधी नजर उतरवली, मग नाल बदलले, मग मोतद्दार बदलला. पोट तपासायचं सुचलं ते सगळ्यात शेवटी.

शर्यतीच्या घोड्यांच्या स्टड फार्मवर हाच विनोद महागात जातो. थरोब्रेडला कृत्रिम रेतन चालत नाही आणि शिंगराचं वय १ जानेवारीपासून मोजलं जातं, त्यामुळे प्रत्येक हुकलेला माज म्हणजे पैसा. घोडी माजावर आहे का, हे ओळखायला तिथे एक टीझर घोडा ठेवतात. हुंगायचं त्याने, लग्न लागायचं दुसऱ्याशी. या हुंगण्याच्या कामात नराचं संप्रेरक चढलेली घोडीही तरबेज निघते. इतकी, की काही ठिकाणी चांगल्या घोडीला मुद्दाम तसली इंजेक्शनं देऊन कामाला लावतात.

उलटेही घोटाळे होतात. अंडाशय फुगलं म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरावी आणि काही आठवड्यांत ते आपोआप उतरावं: बीज सुटताना साकळलेलं रक्तच होतं ते. ओळखायची खूण तीच, दुसरी बाजू शाबूत असते. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे गाभण घोडीच नरासारखी वागते आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसतं. गाठीच्या नावाने पोट फाडायच्या आधी गर्भाशयावर सोनोग्राफी फिरवली, म्हणून एखादं शिंगरू वाचतं. बाजारात गाठ गाभण ठरते, इथे गाभण गाठ ठरता ठरता राहते.

जुने सर्जन योनिमार्गातून साखळीचं यंत्र आत सारून, डोळ्यांनी न बघता, केवळ हाताच्या अंदाजाने अंडाशय आवळून काढत. साखळीत आतडं सापडलं की खेळ खलास, शिवाय मोठी गाठ त्या वाटेने निघतच नाही. आता गुंगी देऊन, उभ्या घोडीच्या कुशीतून दुर्बिणीनेही काढतात. धास्ती आजही आहे ती अंडाशयाच्या देठातल्या रक्तस्रावाची.

टेराटोमा नावाच्या दुर्मिळ गाठीत केस, हाड, कधी चक्क दात निघतात. त्या दातांवरून घोडीचं वय सांगणारा दलाल अजून भेटायचा आहे.

गाठ काढल्यावर दुसरं अंडाशय बहुधा सहा महिने ते वर्षभरात जागं होतं आणि घोडी पुन्हा फळू शकते. तेव्हा स्वभाव बिघडला म्हणून ती मातीमोल विकू नका. आणि अकलूजला ‘गाभण’ घोडी घेणार असाल, तर इसार देण्याआधी डॉक्टरकडून गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं तपासून घ्या. विकणारा नको म्हणाला, तर घोडी तिथेच सोडा.