पडद्यावरचं वावर आणि आमचं वावर

वाचकहो, लोणखेड्यात नवा सिनेमा सगळ्यात आधी कुठे येतो, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. तो केस कापायच्या दुकानात येतो. तेथे नंबर लावून बसलेल्या चार पोरांच्या चार मोबाइलवर चार ट्रेलर एकाच वेळी वाजत असतात. एकात तलवारी, एकात भूत, एकात बंदूक आणि चौथ्यात नायिकेचा झोका. दाढीला साबण लावून घेतलेला माणूसही मान वळवून बघतो आणि न्हावीदादाची शिवी खातो.

मी या गावचा शेतकरी. पपई, कापूस आणि थोडा ऊस. व्यसन म्हणाल तर एकच, सिनेमा. गेली चाळीस वर्षे मिळेल तिथे आणि मिळेल तसा तो पाहत आलो. तेव्हा नव्या सिनेमांविषयी चार शब्द बोलायचा अधिकार आपल्याला आहे, असे समजून हा लेख लिहितो आहे. पटले तर घ्या, नाही तर सोडून द्या.

भोंग्याचा ट्रेलर

आमच्या लहानपणी ट्रेलर मोबाइलवर नव्हता, तो रस्त्याने यायचा. हातगाडीला किंवा रिक्षाला दोन्ही बाजूंनी पोस्टर बांधलेले, वर भोंगा, आणि आत बसलेला माणूस घसा ताणून सांगायचा, 'आज रात्री ठीक नऊ वाजता!' मागे आम्ही पोरे रंगीत कागद गोळा करत पळायचो. यात्रेच्या दिवसांत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. बायका एका बाजूला, गडी दुसऱ्या बाजूला, खाली धुळीत बसायचे. रीळ तुटले की शिट्ट्या. पुढे गणपतीत भाड्याने 'व्हिडिओ' आणायची पद्धत आली. एका रात्रीत तीन सिनेमे, आणि तिसऱ्याला जागे असायचे फक्त ऑपरेटर आणि मी!

सांगायचा मुद्दा असा, की त्या भोंगेवाल्याने सांगितलेला सिनेमा त्याच रात्री, त्याच गावात दिसायचा. आजचा ट्रेलर एका सेकंदात लोणखेड्यात पोहोचतो. सिनेमा मात्र पोहोचेलच असे नाही. आमच्या सगळ्या तक्रारीचे मूळ येथे आहे.

तलवारी पुष्कळ, तराजू एकही नाही

अलीकडे मराठी माणसाला थिएटरात ओढून नेले ते 'छावा'ने. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी आलेला हा लक्ष्मण उतेकर यांचा हिंदी चित्रपट, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा. त्याच्या ट्रेलरमध्ये संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले, त्यावर वाद झाला आणि दिग्दर्शकांनी ते दृश्य काढत असल्याचे जाहीर केले. ट्रेलरची ताकद बघा, सिनेमा लागण्याआधीच त्यातले दृश्य बदलले! चित्रपट पाहून आमच्या गावची पोरे डोळे पुसत बाहेर आली, हे मी पाहिले आहे. मलाही शेवट बघवला नाही. तरी एक तक्रार आहेच. त्या राजाच्या रयतेत शेतकरी होता, त्याचे बैल होते, सारा होता. तो पडद्यावर फार थोडा दिसला.

मग ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी महेश मांजरेकर यांचा 'पुन्हा शिवाजीराजे भोसले' आला. २००९ च्या 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय'मध्ये महाराज मुंबईतल्या मराठी माणसाला जागे करायला आले होते. या वेळी ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा जाब विचारायला आले. ट्रेलर पाहून ओट्यावरचे सगळे खूश. एक म्हातारबा मात्र गप्प बसून होते. त्यांना विचारले तर म्हणाले, "भाऊ, पिच्चर भारी शे, पन यामा कापूसना भाव कोठे शे?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. सिद्धार्थ बोडके यांचे काम दमदार, विषयाला हात घातला याचे कौतुकही आहेच. पण शेतकऱ्याचे दुःख म्हटले की पडद्यावर गर्जना ऐकू येते. आमचे दुःख गर्जत नाही हो. ते काट्यावर उभे राहते आणि मापाड्याच्या तोंडाकडे बघते.

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा २००९ चा चित्रपट आठवा. विदर्भातला कापूसवाला शेतकरी. शेजारच्याने जीव दिला म्हणून त्याच्या बायकोला धास्ती पडते. ती नवऱ्यावर नजर ठेवते, त्याचे मन रमावे म्हणून घरात गोडधोड करते, मुलालाही पाळतीवर ठेवते. त्यात एकही भाषण नाही. तरी तो पाहून आल्यावर मी दोन दिवस घरात नीट बोललो नाही. माझ्याही घरात, एका वाईट साली, दोर आणि फवारणीचे औषध माझ्या आईने कुलूपबंद करून ठेवले होते. ते तिने का केले, हे मला त्या सिनेमानंतर समजले.

चांगला सिनेमा याहून वेगळे काय करतो?

'स्थळ' पाहायला पुणे गाठले

७ मार्च २०२५ रोजी जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' प्रदर्शित झाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, गावातलेच लोक घेऊन केलेला. त्याआधी टोरांटोच्या महोत्सवात त्याला २०२३ साली पुरस्कार मिळालेला. गोष्ट साधी. कापूस पिकवणाऱ्याची शिकलेली मुलगी, आणि तिला बघायला येणारे एकामागून एक पाहुणे. नाव काय, उंची किती, शिक्षण काय, शेतात काम करता का. प्रश्न तेच, पोहे तेच, आणि निरोपही तोच.

आता गंमत बघा. शेतकऱ्याच्या मुलीवरचा हा सिनेमा मी कुठे पाहिला? पुण्यात! मुलगा तिकडे नोकरीला आहे, त्याच्याकडे गेलो होतो म्हणून. पाहुणे प्रश्न विचारू लागले की आजूबाजूची शहरी मंडळी हसत होती. दिग्दर्शकाने हसू येईल असे केलेच आहे, त्यांचा दोष नाही. मला मात्र हसू फुटेना. त्याच महिन्यात माझ्या भाचीला सहावे स्थळ पाहून गेले होते. तिला उभे केले होते, चालायला लावले होते, आणि त्या बैठकीत मीही पोहे खात बसलो होतो. उंचीचा प्रश्न तर मीच एका पाहुण्याच्या वतीने विचारला होता. अंधारात बसून मला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

गावी आल्यावर मेहुण्यांना सगळा सिनेमा तोंडी सांगितला. ते काही बोलले नाहीत. सातवे स्थळ आले तेव्हा मात्र त्यांनी पाहुण्यांना स्पष्ट सांगितले, "मुलगी उभी राहणार नाही. तुम्ही बसा, तीही बसेल, आणि तिला विचारायचं असेल ते तीही विचारेल." पाहुणे थोडे चपापले. भाचीने एकच प्रश्न विचारला, मुलाला शेतीत रस आहे की शेती विकण्यात. स्थळ जमले की नाही, हे येथे सांगत नाही. कारण त्या घरात पुन्हा कोणी मुलीला चालून दाखवायला लावणार नाही, एवढे नक्की जमले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्याकडे तिशी उलटलेली, शेती सांभाळणारी कितीतरी पोरे बिनलग्नाची आहेत. मुलींना नोकरीवाला हवा. त्या पोरांवर विनोदी रील पुष्कळ निघतात. 'स्थळ'इतक्या मायेने त्यांची गोष्ट कोणी सांगेल, तर आमचा अर्धा तालुका तिकीट काढील.

तिकीट आहे, थिएटर कुठे आहे?

'मराठी सिनेमाला प्रेक्षक नाही' असे म्हणतात. ३० जून २०२३ रोजी 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा बचत गटाच्या बायका जीप करून निघाल्याच ना? २०१६ मध्ये 'सैराट'ची आर्ची ट्रॅक्टर चालवत आली तेव्हा ट्रॉलीत बसून पोरे गेलीच ना? प्रेक्षक आहे. त्याला पोहोचायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत सिनेमा उतरलेला असतो. शुक्रवारी लागलेला चित्रपट चांगला आहे ही बातमी सोमवारी गावात येते. मंगळवारी शहाद्याचा बाजार. बुधवारी नंदुरबारला जावे तर चाळीसेक किलोमीटर, आणि शो दुपारी. गुरुवारी पाटी बदलते.

भाऊराव कऱ्हाडे यांचा 'टीडीएम' हे याचे ढळढळीत उदाहरण. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराची गोष्ट. एप्रिल २०२३ मध्ये लागला, पण पुरेसे शो मिळेनात म्हणून मंडळींनी प्रदर्शन थांबवले आणि जूनमध्ये पुन्हा आणला. ज्याच्यासाठी काढला तो ट्रॅक्टरवाला तोपर्यंत पेरणीला लागलेला!

२०१५ साली राज्य शासनाने मल्टिप्लेक्समध्ये दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याचा नियम केला. चांगलेच केले. पण जिथे मल्टिप्लेक्सच नाही तिथे या नियमाचे काय करायचे? २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के राहिला. म्हणजे स्वस्त तिकिटाच्या लहान थिएटरला थोडा आधार झाला. ही सवलत गावाकडच्या पडद्यापर्यंत आली पाहिजे, आणि पडदा आधी शिल्लक राहिला पाहिजे.

मालेगावने दाखवलेली वाट

रडगाणे पुरे. आता आपल्या शेजारचे बघा. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. यंत्रमागावर राबणारी माणसे रात्री नट झाली. पैसा नाही, कॅमेरा साधा, पण हौस डोंगराएवढी. त्यांच्यावर रीमा कागती यांनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' केला, तो २८ फेब्रुवारी २०२५ रोजी आपल्याकडे लागला. मोठ्या नटांचा 'छावा' गाजत होता, त्यात हा बिचारा लवकर उतरला. माझ्या मते त्या वर्षीचा मला सर्वांत आवडलेला सिनेमा हाच. मित्र भांडतात, फुटतात आणि मरणाच्या दारातल्या मित्रासाठी पुन्हा कॅमेरा उचलतात. गावात ज्याने कधी नाटक बसवले असेल, त्याला हे पाहताना स्वतःची मंडळी आठवतील.

आणि अहिराणीचे म्हणाल, तर 'हाई झुमका वाली पोर' आणि 'केसावर फुगे' ही गाणी कोट्यवधी वेळा पाहिली गेली. पुण्या-मुंबईच्या वरातीत आपली बोली वाजली. ज्या बोलीला शाळेत 'अशुद्ध' म्हणून छडी बसायची, तिच्यावर लोक नाचले! मग त्याच बोलीत दोन तासांची नीट गोष्ट का होऊ नये? २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यात दर शंभरात सुमारे ६९ जण आदिवासी आहेत. भिल्ल आणि पावरा माणूस पडद्यावर आलाच तर नाचताना येतो. बँकेच्या खिडकीशी, ऊसतोडीच्या फडात किंवा महाविद्यालयाच्या बाकावर तो कधी दिसणार?

विषय तर आमच्या बांधावर पडले आहेत. पपईचेच घ्या. तोडणीच्या दिवसांत बाहेरचे व्यापारी येतात, दर ठरवायला बैठक बसते, सगळे माना डोलावतात, आणि चार दिवसांत गाडी भरताना दर पडतो. फळ पिकत चाललेले, झाड थांबत नाही, शेतकरी मात्र थांबलेला. यापेक्षा थरारक चित्रपट कोणता हवा?

ट्रेलर पाहताना

रितेश देशमुख यांच्या 'राजा शिवाजी'चे नाव आमच्या पोरांच्या तोंडी सारखे होते. मे २०२५ मध्ये पोस्टर आले, त्यावर १ मे २०२६ ही तारीख. पोरांनी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाकली. उत्साह चांगलाच आहे. पण तरुण मित्रांनो, ट्रेलर म्हणजे बाजारातला पाटीवरचा वरचा थर. वरचे फळ नेहमीच लाल असते. खालचे हात घालून बघावे लागते. ट्रेलरमध्ये आवाज किती, हे मोजू नका. माणूस कामाला लागलेला दिसतो का, बाईला एखादे पूर्ण वाक्य आहे का, गाव नुसते हिरवेगार चित्र आहे की तिथे कोणी जगते आहे, एवढे बघा. १२ सप्टेंबर २०२५ च्या 'दशावतार'चा ट्रेलर मी असाच पाहिला होता. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्यात दिसले, त्यांच्या मागे कोकणची माती दिसली आणि मी ठरवले, हा बघायचा. फसलो नाही.

शेवटी एक विनंती. आमच्या गावातल्या शिक्षणसंस्थेला पूज्य साने गुरुजींचे नाव आहे. गुरुजींच्या 'श्यामची आई'वर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट केला, त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. २०२३ साली सुजय डहाके यांनी तीच गोष्ट पुन्हा कृष्णधवल रंगात आणली. आमच्या पोरांपैकी किती जणांनी यातला एक तरी पाहिला? शाळा-महाविद्यालयांनी, गणेश मंडळांनी आणि ग्रामपंचायतींनी वर्षातून चार वेळा, रीतसर परवानगी घेऊन, मैदानात पडदा लावावा. एक जुना सिनेमा, एक नवा, एक आपल्या भागातल्या पोरांनी केलेला, आणि एक बायकांनी निवडलेला. वर्गणी मी देतो. सतरंज्या आणि खुर्च्या गावात आहेतच.

आणि भोंगा लावलेली रिक्षाही फिरवा. बऱ्याच दिवसांत तिच्यामागे पळालो नाही.