भेंडीबाजारातला ‘अमर’

इफ्तार झाली की मोहम्मद अली रोडवर पाय ठेवायला जागा नसते. मिनारा मशिदीजवळ मालपुवा, फिरनी आणि नल्ली निहारीसाठी दादर-डोंबिवलीहून मंडळी येतात. त्यांत रोजा न धरणारीही पुष्कळ. पलीकडच्या भेंडीबाजाराच्या नावाने शास्त्रीय संगीताचं एक घराणं आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं. बाकीची घराणी ग्वाल्हेर, आग्रा अशा गावांची. हे एकटं बाजाराचं!

१८७० च्या सुमारास छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ बिजनौरहून मुंबईत आले आणि इथे राहिले. लांब दमसास ही त्यांची ओळख, आणि दुसरी मेरुखंड. मेरुखंड म्हणजे स्वरांची उलटापालट. चार स्वर घेतले तर २४ रचना होतात, सात घेतले तर ५०४०. त्या गळ्यावर चढवायच्या आणि तरी गाणं पाढ्यासारखं वाटू द्यायचं नाही, हे खरं अवघड. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर या नझीर खाँच्याच शिष्या.

छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ (१८८८–१९५३) यांनी ‘अमर’ या नावाने बंदिशी बांधल्या. कर्नाटक संगीताची त्यांना ओढ होती. मुथुस्वामी दीक्षितांची ‘वातापि गणपतिम्’ ही गणपतीची कृती हंसध्वनी रागातली. त्याच रागात खाँसाहेबांनी ‘लागी लगन’ बांधली आणि दक्षिणेचा राग इकडच्या ख्यालात रुळला. १९५६ च्या ‘परिवार’ चित्रपटात सलील चौधरींनी याच वळणाचं ‘जा तोसे नहीं बोलूँ कन्हैया’ केलं. ते गायले लता मंगेशकर आणि मन्ना डे. दोघंही खाँसाहेबांकडे शिकलेले. गाणं घरोघरी पोहोचलं. मूळ बंदिश ज्याची, तो मागेच राहिला. आजही मैफलीत ‘पारंपरिक बंदिश’ एवढं म्हणून पुढे जाणारे भेटतात. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मुंबईत वावरलेल्या माणसाची रचना पारंपरिक कशी?

खाँसाहेबांच्या स्वतःच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण फारच थोडं मिळतं. त्यामुळे त्यांच्याकडे जायची वाट शिष्यांच्या ध्वनिमुद्रणांतून जाते. पुण्याचे पं. त्र्यंबकराव जानोरीकर त्यांचे शिष्य, आणि सुहासिनी कोरटकर जानोरीकरांच्या. या दोघांचं गाणं लागोपाठ ऐकलं की ‘अमर’ ही मुद्रा नुसती सही राहत नाही. बंदिशीचा डौल आणि सरगमचा खेळ ओळखू येऊ लागतो. अमीर खाँचे वडील शाहमीर खाँ याच घराण्यातले. अमीर खाँचा संथ, एकेक स्वर उलगडणारा मेरुखंड ऐकताना हे नातं कानाला कळतं.

भेंडीबाजार मात्र बदलतो आहे. साडेसोळा एकरांतल्या जवळपास अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. घराण्याची खूण शोधायला तिथे गेलं तर हाती काय लागेल कोण जाणे!

रमजानात अनेक घरांत गाणं बंद असतं. त्यांनी ईदपर्यंत थांबावं. बाकीच्यांनी आज रात्री आधी ‘परिवार’मधलं गाणं लावावं, मग जानोरीकरबुवांचं एखादं ध्वनिमुद्रण, आणि अंतऱ्यात ‘अमर’ कुठे येतं तिकडे कान ठेवावा.