कड्यावरचे सोबती

सह्याद्रीचा उभा कडा चढण्यास धैर्य हवेच. परंतु केवळ धैर्यावर विसंबणारा मनुष्य शूर नव्हे, अविचारी ठरतो. १६७० साली मावळे दोराच्या आधारे कोंढाण्याचा कडा चढले. आजही आरोहकाची भिस्त दोरावरच असते. मात्र पूर्वीचा वाखाचा दोर मोठ्या झटक्याने तुटण्याची भीती असे. १९४० च्या दशकात नायलॉनचे दोर आले. असा दोर ताणला जातो व पडणाऱ्यास बसणारा झटका सौम्य करतो. म्हणूनच विहिरीवरचा दोर कितीही जाड दिसला, तरी तो चढाईस उपयोगाचा नाही.

नवशिक्याने प्रथम तीन वस्तू घ्याव्यात : खडकास घट्ट धरणारे रबरी तळव्यांचे बूट, कमरेस व मांड्यांस नीट बसणारा पट्टा आणि वरून निसटणाऱ्या दगडांपासून मस्तक राखणारे शिरस्त्राण. दोर अनुभवी मार्गदर्शकाचा असावा. बूट दुसऱ्याने वापरलेले चालतील. पण पट्ट्याने वा शिरस्त्राणाने पूर्वी किती आघात सोसले, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून ती नवीनच घ्यावीत. चार रुपये वाचविण्याची ही जागा नव्हे. साधन निवडताना दाखविलेली सावधगिरी हीच कड्यावरील पहिली पायरी होय.