विद्यार्थ्याच्या मसुद्यावरील अभिप्राय : सागरी गोगलगाई

विश्वकोशासाठी विद्यार्थ्याने लिहिलेल्या पहिल्या मसुद्यावर अभिप्राय देताना आधी विधानांची सत्यता पाहावी, नंतर संदर्भ आणि शेवटी भाषा. शुद्धलेखनापासून सुरुवात केल्यास विद्यार्थी ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो आणि चुकीचे विधान शुद्ध भाषेत तसेच उरते. लाल शाईची सवय शिक्षकांच्या हातून सहजी सुटत नाही, म्हणून हे सांगणे आवश्यक आहे. सागरी गोगलगाई हा विषय या दृष्टीने कसोटीचा आहे. या प्राण्यांविषयीच्या अनेक नवलाच्या गोष्टी खऱ्या असल्या, तरी त्या थोड्याच जातींना लागू पडतात.

नाव आणि व्याप्ती

‘सागरी गोगलगाय’ हे वर्गीकरणातील एका गटाचे नाव नाही. कवच नाहीसे झालेल्या किंवा अगदी लहान उरलेल्या निरनिराळ्या सागरी उदरपाद प्राण्यांना व्यवहारात असे म्हणतात. न्यूडीब्रँक हा त्यांतील सर्वांत परिचित गट असून त्यात ३,००० हून अधिक जाती आहेत. तरीही ‘सागरी गोगलगाय म्हणजे न्यूडीब्रँक’ हे समीकरण चुकीचे आहे. जुन्या पुस्तकांवर विसंबणारा विद्यार्थी या सर्वांना ‘ऑपिस्थोब्रँकिया’ गटात घालतो. तो गट आता नैसर्गिक मानला जात नाही. येथे दोष लेखकाचा नसून पुस्तकाच्या वयाचा आहे, आणि अभिप्रायात तसे स्पष्ट म्हणावे.

‘सूर्यप्रकाशावर जगणारे प्राणी’

सर्वाधिक दक्षता या विधानाबाबत घ्यावी लागते. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एलिसिया क्लोरोटिका ही जात वॉशेरिया लिटोरिया या शैवलातील रस शोषते. मात्र त्यातील हरितलवके न पचवता ती स्वतःच्या पचनग्रंथीच्या पेशींत राखून ठेवते. ती कित्येक महिने कार्यरत राहू शकतात. मसुद्यात मात्र ‘सागरी गोगलगाई प्रकाशसंश्लेषण करतात’ असे वाक्य येते. एका छोट्या गटाचा गुण सर्वांना चिकटवणे, ही त्यातील पहिली चूक. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. शैवलाचे जनुक या प्राण्यात आल्याचा दावा २००८ साली प्रसिद्ध झाला. २०१३ साली अंड्यांतील डीएनएच्या तपासणीत त्याला पुरावा मिळाला नाही. काही संबंधित जाती अंधारातही दीर्घकाळ जगल्याचे प्रयोगांत दिसले, त्यामुळे या प्राण्यांच्या पोषणात प्रकाशाचा वाटा किती, हा प्रश्न वादाचा आहे. पहिल्या शोधनिबंधावर थांबलेला मसुदा अर्धीच गोष्ट सांगतो.

अशा ठिकाणी वाक्य स्वतः दुरुस्त करू नये. ‘हे कोणत्या जातीविषयी आहे? हे संशोधन कोणत्या वर्षीचे? त्यानंतर काय आढळले?’ असे विचारावे. शिकाऱ्याच्या दंशपेशी साठवून स्वसंरक्षणासाठी वापरण्याबाबतही हेच प्रश्न लागू पडतात. ते वैशिष्ट्य मुख्यतः एओलिड गटाचे आहे, आणि त्या पेशी शिकाऱ्याच्या नसून भक्ष्याच्या असतात, एवढी उलटापालट मसुद्यात सहज होते.

उणिवा आणि स्वतःचे निरीक्षण

काय राहून गेले, हेही सांगावे. ॲप्लिसिया या सागरी सशावरील स्मृतिसंशोधनासाठी एरिक कँडल यांना २००० सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याविना लेख अपुरा वाटतो. ‘अद्भुत’, ‘मनमोहक’ ही विशेषणे मात्र निःशंकपणे गाळावीत.

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यांत न्यूडीब्रँक आढळतात. तेथे स्वतः पाहिलेला प्राणी संदर्भ म्हणून चालत नाही, हे ऐकून विद्यार्थी खट्टू होतो. विश्वकोशातील विधान इतरांना पडताळता आले पाहिजे, हे कारण त्याला समजावून द्यावे आणि त्याने काढलेले छायाचित्र स्थळ व दिनांकासह लेखात घ्यावे.