दात उरले, मासा गेला

शहाडजवळ उल्हास नदीच्या पात्रात शार्कचे दात शोधायला जाऊ नका. तिथला काळा कातळ लाव्हारसाचा. शार्कचे जीवाश्म मिळण्याची ती जागा नव्हे. तरीही या कातळाचा हायबोडाँट नावाच्या शार्कशी काळाचा संबंध आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हारस वाहत होते, त्याच सुमारास डायनोसॉरांबरोबर हा गटही संपला. तोवर तो जवळपास ३० कोटी वर्षे टिकून होता!

शार्कचा सांगाडा कूर्चेचा, त्यामुळे तो सहसा कुजून जातो. दात मात्र कठीण, आणि झिजले की पडून नवे येतात. एकच मासा आयुष्यभरात ढीगभर पुरावा मागे ठेवतो. हायबोडाँटांच्या पाठीवरच्या दोन्ही परांपुढे काटा असे. तोही कधीकधी सापडतो. काहींचे दात टोकदार, तर काहींचे शिंपले फोडायला चपटे. म्हणजे दातावरून जेवणही कळते.

हायबोडाँटांचे दात मिळालेले एक ठिकाण म्हणजे प्राणहिता-गोदावरी खोरे. गडचिरोलीतील सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून तिथल्या जुरासिक खडकांना ‘कोटा’ हेच नाव मिळाले आहे. याच खडकांतल्या दातांवरून पी. यादगिरी यांनी १९८६ मध्ये ‘लोंचिडियन इंडिकस’ ही जाती नोंदवली. २०२१ मध्ये राजस्थानातून ‘स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस’ जाहीर झाली, तीही दातांवरूनच.