पेपर नेमकं काय मोजतो?

सेमिस्टरचं टाइमटेबल लागलं की कँटीनमध्ये एकच चर्चा सुरू होते: पेपर सोपा येणार की अवघड? त्याच्या आधीचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. हा पेपर नेमकं काय मोजतो? विषय किती कळला हे, की हात किती भरभर चालतो हे? ‘सर्वसमावेशक मूल्यमापन’ हा शब्द कानाला जड वाटतो, पण त्याचं मूळ याच प्रश्नात आहे.

आपल्या आबिड्स परिसराला हा प्रश्न नवा नाही. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. आर्ट्स कॉलेजची भव्य इमारत १९३९ची. त्याआधी सुरुवातीचे वर्ग इथेच, गनफाउंड्रीच्या बाजूला भरत. शिकवण्याचं आणि परीक्षेचं माध्यम उर्दू होतं. इंग्रजी बाजूला ठेवून एका भारतीय भाषेत उच्च शिक्षण देणं हे त्या काळी मोठं धाडस. पुस्तकं हवीत म्हणून ‘दारुल तर्जुमा’ हा भाषांतराचा खास विभागही उभा केला गेला. पण निजामाच्या राज्यात बहुसंख्य लोकांची घरची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. नांदेड-परभणीकडून आलेला मराठी मुलगा इतिहासाचा पेपर लिहायचा, तेव्हा त्याच्या इतिहासासोबत त्याच्या उर्दूचीही परीक्षा व्हायची. प्रश्नपत्रिकेवर मात्र तसं कुठेच लिहिलेलं नसायचं.

आज उर्दूच्या जागी बहुतेक ठिकाणी इंग्रजी आहे, एवढाच फरक. एप्रिल २०२३ मध्ये यूजीसीने विद्यापीठांना सांगितलं की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. म्हणजे शंभर वर्षांनीही हा प्रश्न जिवंत आहे.

भाषेसारखेच दुसरे अडथळेही असतात: दिसणं, ऐकणं, लिहिणं, एकाग्र होणं. त्यासाठी आपल्याकडे कायदा आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि परीक्षा पद्धतीत योग्य बदल करणं ही सरकारची आणि स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी ठरवली. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळत. तीन तासांच्या पेपरला एक तास. पण त्या सूचना ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असणाऱ्यांसाठी होत्या. मग ३९ टक्केवाल्याचं काय? ज्याच्याकडे टक्केवारीचा कागदच नाही, त्याचं काय?

हाच मुद्दा विकास कुमार यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यांना ‘रायटर्स क्रॅम्प’, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास. यूपीएससीने त्यांना लेखनिक नाकारला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये, अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असून लिहायला अडचण असणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या.

लेखनिक मिळाला म्हणजे सगळं सुटलं का? इंटरमीडिएटला असताना मी बी.ए.च्या एका अंध दादाची लेखनिक म्हणून बसले होते. (उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक तेव्हा त्याच्यापेक्षा एक पायरी खालच्या वर्गातला असावा लागायचा.) दादा छान उत्तर सांगत होता. पण ऱ्हस्व-दीर्घ कोणाचं? शुद्धलेखनाचे गुण कापले गेले, तर ते त्याच्या नावावर आणि वेलांटी माझी! लिहिलेलं परत वाचून दाखवायला लागणारा वेळ वेगळाच. तेव्हापासून मला वाटतं, की जादा वेळ आणि लेखनिक ही नंतर लावलेली ठिगळं आहेत. गरजेची आहेत, पण कापडच नीट कापलं तर ठिगळं कमी लागतील.

रोनाल्ड मेस नावाचे अमेरिकन वास्तुरचनाकार स्वतः व्हीलचेअर वापरायचे. इमारत बांधून झाल्यावर मागच्या दाराला उतार जोडण्यापेक्षा पहिल्या नकाशातच सगळ्यांचा विचार करा, हे त्यांचं म्हणणं. शिक्षणात तोच विचार पुढे आला. परीक्षेचा नकाशा काढतानाच तीन गोष्टी ठरवता येतात.

पहिली, काय मोजायचं ते. कवितेच्या रसग्रहणाचा पेपर घ्या. तिथे कविता कशी वाचली, प्रतिमा कशा उलगडल्या, मताला कवितेतला आधार दिला का, हे महत्त्वाचं. अक्षर आणि वेग यांचा त्याच्याशी संबंध नाही. मुद्रितशोधनाच्या पेपरात मात्र शुद्धलेखन हाच विषय आहे, तिथे सूट देता येणार नाही.

दुसरी, मार्ग. तेच रसग्रहण कोणी हाताने लिहील, कोणी टाइप करेल, कोणी तोंडी सांगेल. गुण देण्याचे निकष सगळ्यांना सारखे आणि आधीच सांगितलेले. “मग पेपर फारच सोपा होईल,” असं काही जण म्हणतात. उलट तोंडी परीक्षेत बाई मध्येच “का?” विचारतात, तेव्हा गाइडमधलं पाठांतर कामाला येत नाही! पण अडखळत बोलणाऱ्याला तोंडी परीक्षा हीच शिक्षा वाटेल, म्हणून एकच मार्ग सक्तीचा नको, निवड हवी.

तिसरी, कागद. मराठीत ही अडचण खास आहे. अंध विद्यार्थ्यासाठी संगणक मजकूर वाचून दाखवतो, पण तो युनिकोडमध्ये असेल तरच. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या नोट्स म्हणजे त्याला निव्वळ निरर्थक अक्षरं, आणि वहीचा मोबाइलवर काढलेला फोटो म्हणजे नुसतं चित्र. व्हॉट्सअॅपवर आपण सर्रास फोटोच टाकतो ना? परीक्षेआधीच कोणीतरी मागे पडतो तो इथे. याला खर्च शून्य, फक्त सवय बदलायची.

मोठी परीक्षा विद्यापीठाच्या हातात असते, हे खरं. पण अंतर्गत गुण, असाइनमेंट, सेमिनार आपल्या कॉलेजातच ठरतात. आणि आपल्या मंडळाची निबंध स्पर्धा तर पूर्ण आपल्या हातात आहे. माझी सूचना अशी: यंदा निबंध हाताने, टाइप करून किंवा तोंडी ध्वनिमुद्रित करून, कसाही घ्यावा, विषय युनिकोडमध्ये द्यावेत, निकष आठवडाभर आधी जाहीर करावेत. आजवर ज्यांनी कधीच नाव दिलं नाही, त्यांच्यातले किती जण यंदा येतात ते मोजू. तेही एक मूल्यमापनच, पण या वेळी आपल्या स्पर्धेचं.