केलेले जाणावे, करावयाचे बोलावे

गतवर्षी शाळा सुरू होताच माझ्या नातवाने आपल्या खोलीतील आरशावर एक कागद चिकटविला. त्यावर ठळक अक्षरांत तीन वाक्ये होती : 'मी बुद्धिमान आहे. मी यशस्वी आहे. मला काहीच अवघड नाही.' मोबाईलवरील कोणा व्याख्यात्याचा हा उपदेश असून रोज सकाळी आरशासमोर उभे राहून तो मोठ्याने म्हणावयाचा, असा नेम होता. मुलाने तो चार महिने निष्ठेने पाळला. सहामाही परीक्षेत गणितात तो नापास झाला. त्या सायंकाळी त्याने कागद फाडला आणि मजकडे येऊन म्हणाला, "आजोबा, रोज सकाळी मी स्वतःशीच खोटे बोलत होतो."

मुलगा गणितात मागे पडला याचे मला दुःख झाले नाही; परंतु स्वतःच्या शब्दावरील त्याचा विश्वास उडाला, हे मात्र मनास फार लागले. म्हणून या प्रश्नाचा मी थोडा शोध घेतला. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आत्मसूचनेची ही कल्पना नवी नव्हे. फ्रान्स देशात एमिल कुए (१८५७–१९२६) नावाचे एक औषधविक्रेते होऊन गेले. आपण दिवसेंदिवस सर्व बाजूंनी सुधारत आहोत, असे सकाळ-संध्याकाळ पुटपुटण्यास ते लोकांस सांगत, व त्यांची कीर्ती युरोप-अमेरिकेत पसरली होती. तथापि २००९ साली कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोआन वुड व त्यांचे सहकारी यांनी याची परीक्षा घेतली, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसून आली. आपण प्रेमास पात्र आहो, असे वाक्य स्वतःशी घोकावयास लावल्यावर ज्यांना मुळात आत्मविश्वास होता त्यांस किंचित बरे वाटले. परंतु ज्यांस त्याची खरी गरज होती, त्यांचे मन उलट अधिक खिन्न झाले. कारण उघड आहे. तोंड 'मी थोर आहे' म्हणते आणि आतील साक्षी 'हे खरे नव्हे' असे उत्तर देतो.

मग मनुष्याने स्वतःशी काही बोलूच नये काय? आपल्या घरात कोणतीही पूजा आरंभताना संकल्प सोडण्याची रीत आहे, तिच्याकडे जरा व्याकरणाच्या दृष्टीने पाहावे. यजमान प्रथम स्थळ सांगतो, काळ सांगतो, आपले गोत्र व नाव सांगतो, आणि मग अमुक एक कर्म 'करिष्ये' असे म्हणून पाणी सोडतो. 'करिष्ये' हे भविष्यकाळाचे, प्रथमपुरुषी, आत्मनेपदी रूप आहे. कर्माचे फळ कर्त्याकडे येते तेथे हे पद योजतात. या संकल्पात 'मी विद्वान आहे, मी पुण्यवान आहे' असे कोठेही येत नाही. कोण, कोठे, केव्हा आणि काय करणार, एवढेच येते. 'आहे' हे वाक्य खोटे ठरू शकते. 'करीन' हे वाक्य खरे करून दाखविता येते. मी नातवास एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी आरशावर नवा कागद लागला : 'आज रात्रीच्या जेवणापूर्वी मी बीजगणिताची पाच उदाहरणे सोडवीन.'

आता दुसरी गोष्ट कृतज्ञतेची. हल्ली त्याच व्याख्यानांतून, रोज कृतज्ञता व्यक्त करा, असाही उपदेश ऐकू येतो. यास काही आधार आहे. २००३ साली रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅकलो या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाकडून दहा आठवडे, दर आठवड्यास, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा गोष्टी लिहून घेतल्या, आणि दुसऱ्या गटाकडून कटकटी लिहून घेतल्या. पहिल्या गटास आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले. परंतु नुसता 'आभारी आहे' हा शब्दही आरशावरील कागदाइतकाच पोकळ होऊ शकतो, हे मी माझ्याच गावच्या उदाहरणाने सांगतो.

आमच्या आष्टीच्या नावापुढे लोक कंसात 'शहीद' असे लिहितात. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, राष्ट्रध्वज लावण्यासाठी येथील पोलीस ठाण्यावर गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला. गावकरी धारातीर्थी पडले. खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. पुढे आष्टी-चिमूरच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षाही सुनावल्या गेल्या. त्या दिवसाचे ऋण गावाने आपल्या नावातच गुंफून ठेविले. पत्र लिहिताना, अर्ज भरताना, गावकरी नकळत त्या ऋणाचा उच्चार करितो. परंतु खरे सांगावयाचे तर मी कित्येक वर्षे हा शब्द केवळ पत्ता म्हणून लिहिला. एकदा वर्गातील एका मुलीने विचारले, "गुरुजी, शहीद कोण झाले? त्यांची नावे काय?" मला दोन नावांपलीकडे सांगता आले नाही. फळ्याकडे तोंड करून मी तास कसाबसा पुरा केला.

'कृतज्ञ' या शब्दाची फोड कृत अधिक ज्ञ अशी आहे : केलेले जाणणारा. तेव्हा कृतज्ञता ही मुळात भावना नसून ज्ञान आहे. आणि ज्ञान म्हटले की नाव, गाव व हिशेब आलाच. आमचे शेतकरी हे उत्तम जाणतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते बैलाची खांदमळणी करितात. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसले, नेमक्या त्याच खांद्यास हळद व लोणी चोळतात.

हे सर्व मी नातवास मोठ्या रसाने सांगत असता त्याने मध्येच विचारले, "आजोबा, तुमच्या वहीत कोणाचे नाव आहे?"

माझी एक वही आहे खरी. परंतु तीत उपकार नव्हते, गाऱ्हाणी होती. संत्र्याच्या बागेच्या वाटणीत विहिरीकडील भाग ज्येष्ठ बंधूंकडे गेला, तेव्हापासूनचा प्रत्येक शब्द मी तीत टिपून ठेविला होता. बंधू आता हयात नाहीत. वहिनी त्याच वाड्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागात राहतात, आणि कित्येक वर्षे आमचे बोलणे सणावारापुरतेच उरले होते. त्या रात्री वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहिले : 'माझ्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या खर्चासाठी वहिनींनी आपल्या चार तोळ्यांच्या पाटल्या गहाण ठेविल्या.' सकाळी ते पान घेऊन मी पलीकडे गेलो व वाचून दाखविले. वाचताना आवाज स्थिर राहिला नाही.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "भाऊजी, चार नव्हे, तीन तोळ्यांच्या होत्या. आणि गहाण नव्हत्या ठेविल्या, विकल्याच होत्या. तुमच्या मनावर ओझे नको म्हणून यांनी तुम्हांस सांगू दिले नाही. आता लिहिताच आहात, तर नीट लिहा."

मी तेथेच बसून ओळ दुरुस्त केली. ज्या बंधूंविरुद्ध मी पाने भरली होती, त्यांचे हे मौन मला ठाऊकच नव्हते. त्याखाली मी माझा संकल्प लिहिला : वहिनींची दृष्टी मंद झाली आहे, उद्यापासून रोज सायंकाळी त्यांस वर्तमानपत्र वाचून दाखवीन. गेल्या आठ महिन्यांत अकरा दिवस चुकले. तेही वहीत नोंदले आहेत.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. कृतज्ञता ही मागून घ्यावयाची वस्तू नव्हे. एकत्र कुटुंबात सुनेने काही दुःख सांगितले की 'इतके मिळाले आहे, त्यात समाधान मान' असे सांगून तिचे तोंड बंद करण्याची खोड अनेक वडीलधाऱ्यांस असते. हा कृतज्ञतेचा उपदेश नव्हे, अन्याय झाकण्याची युक्ती होय. ज्याने घेतले त्याने जाणावे. ज्याने दिले त्याने मोजून मागू नये. आणि घरात सर्वांत अधिक देऊन सर्वांत कमी वेळा ज्यांचे नाव निघते, त्या बहुधा स्वयंपाकघरातच असतात.

आमच्या घरी आता दिवेलागणीस, शुभंकरोती झाल्यावर, प्रत्येकजण दोन वाक्ये बोलतो. पहिले : आज कोणी माझ्यासाठी नेमके काय केले. दुसरे : उद्या मी नेमके काय करीन. पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. प्रथम हसू आले, थट्टाही झाली. परंतु परवा माझ्या धाकट्या मुलाने, पहाटे उठून आपला डबा भरणाऱ्या पत्नीचे नाव सर्वांसमक्ष घेतले, तेव्हा ती पदराआड का वळली हे कोणास सांगावे लागले नाही.

नातवास वार्षिक परीक्षेत गणितात छप्पन्न गुण मिळाले. फार नव्हेत. परंतु त्या दिवशी तो आरशासमोर उभा राहिला, तेव्हा त्याने मान खाली घातली नव्हती.